विचार करून कळवतो

“वकीलसाहेब, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. कुणीच ठेवत नाही. पण मी माझ्या सासऱ्यांचं डोकं टेपनं मोजलं, त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या, सोळा ठिकाणी मलम फासलं, आणि त्यांच्या मुलीबद्दलचा होकार त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत कागदावर वाचला.”

पेठे वकिलांनी कप बशीत ठेवला. चाळीस वर्षं फौजदारी कोर्टात उलटतपासण्या घेतलेला माणूस. आमच्या शेजारी राहायला येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता, म्हणजे माझ्या दृष्टीनं अगदी कोरा श्रोता. ही समोर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली शेंग जरा जोरातच मोडली.

“साक्षीदार?” पेठ्यांनी विचारलं.

“तीन होते. तिघंही वर गेले.”

“सोयीचं आहे,” पेठे म्हणाले. “सांगा.”

गोष्ट एकोणसत्तर सालची. मी एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. त्या भिंतींनी माझं पुष्कळ सहन केलंय, त्यांची बदनामी नको. विभागात नवं यंत्र आलं होतं, मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं. लोखंडी कपाटाएवढं धूड. त्याला आठ पेनं, पेनांना शाई, आणि पेनांखालून सरकत जाणारी कागदाची लांबच लांब पट्टी. माणसाच्या डोक्याला चांदीच्या टिकल्या चिकटवायच्या, टिकल्यांच्या तारा यंत्रात खोचायच्या, की आठही पेनं थरथरत रेघा ओढू लागत. बाकीच्यांनी बटण दाबलं तर ते नुसतं गुरगुरायचं. मी दाबलं की चालायचं. माझ्या पावलांचा आवाज ओळखायचं ते.

“घरातला मिक्सर मात्र अजून ओळखत नाही,” ही म्हणाली.

मी ते ऐकलं नाही.

यंत्र आणलं होतं डॉक्टर कुमुद खांबेट्यांनी, त्यांच्या प्रबंधासाठी. बाई कडक. बोलणं मोजून, हसणं त्याहून मोजून. प्रबंधाचा विषय असा, की माणूस स्वस्थ असतो तेव्हा त्याच्या मेंदूच्या लहरी कशा असतात आणि डोकं चालवतो तेव्हा त्या कशा होतात. डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसाची रेघ कशी येते माहितीय? फणीच्या दातांसारखी. एका सेकंदाला दहा दात, गोल, गुबगुबीत, एकापाठोपाठ एक. आणि त्याच माणसाला गणित घातलं की दात मोडलेच म्हणून समजा. रेघ बारीक होते, खरबरीत होते, आजारी माणसाच्या सहीसारखी. वीस विद्यार्थी झाले, वीसही जणांचं असंच आलं. बाई खूश होत्या, म्हणजे दिवसातून एकदा मान हलवत होत्या.

मग एक दिवस म्हणाल्या, “केळशीकर, आता साठीच्या पुढची माणसं हवीत. तल्लख, गणित येणारी.”

माझ्या डोळ्यांपुढे एकच डोकं आलं.

वैशंपायन गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांच्या घरी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी विमल. मला पसंत. तिलाही मी...

“मी काही बोलले नव्हते,” मटारांमागून आवाज आला.

“बोलली नव्हतीस, पण पोहे दुसऱ्यांदा वाढले होतेस.”

“सगळ्यांनाच वाढले होते.”

तर ते असो. निघताना गुरुजी दारापर्यंत आले आणि म्हणाले, “विचार करून कळवतो.” आता मराठी माणसाला याचा अर्थ सांगायला नको. धुतलेलं धोतर नेसून आलेला नकार असतो तो. पण मी चिवट. दर रविवारी सायकलवरून त्यांच्या घरावरून जायचो. गुरुजी ओसरीवर बसलेले असत. मी घंटी वाजवायचा अवकाश, ते हात वर करून म्हणत, “विचार चालू आहे हो, केळशीकर!” असे बारा रविवार गेले. घरी आईनं दुसरी स्थळं काढली होती. वडील म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत वाट बघू, मग विषय बंद.

आणि बघा, एखाद्या डोक्यात विचार चालू आहे की नाही हे दाखवणारं यंत्र अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि त्याचं बटण माझ्या हातात. तुम्ही काय केलं असतं, वकीलसाहेब?

“स्थगिती मागितली असती,” पेठे म्हणाले.

मी गुरुजींना बोलावलं. शास्त्रासाठी म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हजर. काळी टोपी, छत्री, आणि डोकं सांगितल्याप्रमाणे शिकेकाईनं धुतलेलं, कारण तेलकट डोक्याला टिकली चिकटत नाही. टोपी काढली मात्र, खाली काय निघावं? शेंडी! तीसुद्धा नेमकी तिथंच, जिथं बाईंना टिकली हवी होती. एक बोट इकडे नाही की एक बोट तिकडे नाही.

“केळशीकर,” गुरुजी म्हणाले, “शेंडीला धक्का लागता कामा नये.”

“केळशीकर,” बाई म्हणाल्या, “जागा एक सेंटिमीटरही हलता कामा नये.”

म्हणजे इकडे सासरा, तिकडे साहेब, आणि मध्ये शेंडी. मी ती शेंडी एकेक केस करून दोन भागांत विंचरली, मधोमध भांग पाडला आणि भांगात टिकली बसवली. जगात शेंडीला भांग पाडलेला मी पहिला माणूस. गुरुजींना आरशात दाखवलं तर म्हणाले, “हात हलका आहे तुमचा.” मला वाटलं, अर्धं लग्न जमलं.

त्यांना आरामखुर्चीत बसवलं. बाई म्हणाल्या, “गुरुजी, डोळे मिटा. स्वस्थ बसा. कसलाही विचार करू नका.”

“कसलाही म्हणजे?” गुरुजींनी डोळे उघडले. “ईश्वराचा केला तर चालेल?”

“नको.”

“आणि विचार न करण्याचा विचार?”

“तोही नको. नुसते बसा.”

मी बटण दाबलं. आणि आठही पेनं अशी काही सुटली! फणी नाही, दात नाहीत, नुसती खरबड. पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. माणूस देवळातल्या मूर्तीसारखा बसलेला, आणि कागदावर बाजार भरलेला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण मी? मला आनंदाचं भरतं आलं. विचार चालू होता! बारा रविवार तो माणूस मला खरं तेच सांगत होता!

“आता गणित,” बाई म्हणाल्या. “गुरुजी, ओठ न हलवता मनातल्या मनात औटकी म्हणा.”

पेठे लगेच म्हणाले, “औटकी? साडेतीनचा पाढा?”

तोच. आणि इथंच मेख होती. प्रबंधाचे मार्गदर्शक होते मुंबईचे डॉक्टर चौबळ. कॉन्व्हेंटात शिकलेले. त्यांना स्वतःला औटकी यायची नाही, त्यामुळे त्यांना ती भयंकर अवघड वाटायची. साडेतीन गुणिले एकोणीस, तेही तोंडी! हे म्हणजे मेंदूच्या कष्टाची परिसीमा, असं ठरवून त्यांनी साठीपुढच्या लोकांसाठी हीच परीक्षा नेमली होती. आराखड्यात तसं छापून गेलं होतं.

गुरुजींनी औटकी सुरू केली. आणि वकीलसाहेब, त्या पेनांनी एक सुस्कारा सोडला. खरंच सांगतो, मी ऐकला. खरबड थांबली आणि सुरू झाली फणी. दहाचे दहा दात, गोल, गुबगुबीत. तान्हं मूल पाळण्यात झोपावं तशी रेघ.

“तारा उलट लावल्यात?” बाईंनी मला विचारलं.

“नाही, बाई.”

“गुरुजी, एकोणीस औटे?”

“साडेसहासष्ट,” गुरुजी म्हणाले. रेघेला सुरकुती पडली नाही.

“तुम्ही विचार न करता सांगितलंत!”

गुरुजी हसले. “डॉक्टरीणबाई, औटकीला विचार कशाला लागतो? सहाव्या वर्षी छडी खाऊन पाठ केलीय. ती आपली आपण चालते. मी फक्त जवळ बसलेलो असतो.”

बाईंनी टिकल्या काढायला सांगितल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रबंध उलटा झाला होता. स्वस्थ बसवलं की माणूस कष्ट करत होता आणि कष्ट दिले की विश्रांती घेत होता. त्यात भर म्हणजे, परवा गुरुवारी खुद्द चौबळ येणार होते. साठीपुढचा माणूस समोर बसवून दाखवा, असं त्यांचं पत्र होतं. दोन दिवसांत दुसरा म्हातारा आणायचा कुठून? आणि आणला तरी त्यालाही औटकी पाठ असणारच.

गुरुजी टोपी घालून गेल्यावर बाई म्हणाल्या, “हा माणूस स्वस्थ बसला की एवढा कसला विचार करतो?”

मी खाली बघितलं. मग सगळं सांगितलं. पोहे, बारा रविवार, महिनाअखेर. बाई हसल्या. मी त्या विभागात सहा वर्षं होतो, पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले.

“केळशीकर,” त्या म्हणाल्या, “गुरुवार तेवढा निभावून न्या. मी गुरुजींकडे तुमच्यासाठी शब्द टाकते.”

म्हणजे आता बाईंचा प्रबंध आणि माझा संसार एकाच डोक्यावर येऊन ठेपले. मी बुधवारी गुरुजींची ओसरी गाठली.

“गुरुजी, उद्या एवढंच करायचं. बाई ‘स्वस्थ बसा’ म्हणाल्या, की तुम्ही मनात औटकी सुरू करायची. आणि त्या ‘औटकी म्हणा’ म्हणाल्या, की औटकी बाजूला ठेवून स्वस्थ बसायचं. काल बसला होतात तसं.”

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. “ही लबाडी झाली.”

“कशी होईल? शास्त्राला तुमची विश्रांती बघायचीय. तुम्हांला विश्रांती औटकीत मिळते. शास्त्राला तुमचे कष्ट बघायचेत. ते तुम्ही रिकामे बसल्यावर करता. मी फक्त वस्तू ज्याच्या त्याच्या जागी ठेवतोय.”

गुरुजींनी चष्मा परत नाकावर आणला. आत खुंटीजवळ कुणीतरी उभं होतं. पदर दिसत होता.

“मी पाणी घ्यायला आले होते,” ही म्हणाली.

“खुंटीजवळ पाणी?”

“तुम्ही पुढं सांगा.”

शेवटी गुरुजी म्हणाले, “युक्तिवाद बरा आहे. येतो.”

गुरुवार उजाडला. चौबळ सुटाबुटात. हातात पाढ्यांचं छोटं पुस्तक, प्रश्न विचारताना आपली चूक होऊ नये म्हणून. मी शेंडीला भांग पाडला, टिकल्या लावल्या, पेनांना शाई भरली. बाई म्हणाल्या, “गुरुजी, डोळे मिटा. स्वस्थ बसा.”

फणी! काय दात, काय रेघ! चौबळ कागदावर वाकले. “सुरेख,” म्हणाले. “बासष्टाव्या वर्षी इतकी शांतता! योगाभ्यास करतात का?”

“नेमानं,” मी म्हणालो.

“आता औटकी,” चौबळांनी पुस्तक उघडलं. “मी विचारतो. सत्तावीस औटे?”

आणि पेनं उधळली. कागदावर खरबड, खरबडीवर खरबड. चौबळांचा चेहरा खुलला. बाईंनी मान हलवली. एक मिनिट झालं, दीड झालं.

“हं, गुरुजी,” चौबळ म्हणाले, “उत्तर?”

पेनं तेवढी खरबडत होती.

“गुरुजी? सत्तावीस औटे?”

गुरुजींनी डोळे उघडले. आता साडेचौऱ्याण्णव म्हणायला काय झालं होतं? झोपेतही म्हटलं असतं त्यांनी. पण हा माणूस पडला सत्यवचनी. “क्षमा करा,” ते म्हणाले, “प्रश्नच ऐकला नाही. मी दुसऱ्या विचारात होतो.”

“कुठल्या?”

“विमल या केळशीकरांना द्यावी की न द्यावी.”

माझ्या हातातली शाईची बाटली पडली. ती निळी शाई अजून त्या फरशीवर आहे म्हणतात. बाईंनी डोळे मिटून घेतले. चौबळ एकदा गुरुजींकडे बघत, एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे. मग खुर्चीत बसले आणि असे काही हसले, की त्यांचं पुस्तक खाली पडलं.

“डॉक्टर खांबेटे,” ते म्हणाले, “औटकी खोडून टाका. प्रत्येकाला ज्याचं त्याचं न सुटलेलं गणित द्या, आणि विश्रांतीला जे पाठ आहे ते म्हणू द्या. तुमचा प्रबंध आता खरा उभा राहील.” आणि माझ्याकडे वळून, “आणि हे गणित आपण आत्ताच सोडवून घेऊ. केळशीकर, बटण दाबा. गुरुजी, मिटा डोळे. पुरा करा तो विचार.”

पेठे वकील खुर्चीच्या कडेला आले होते. मी चहाचा एक घोट घेतला, उगाचच.

“मग?”

मग काय विचारता! आठही पेनं एकदम सुटली. शाईचे फवारे उडाले. चौबळांचा कोट निळा. कागद टेबलावरून उतरला, दाराबाहेर गेला, व्हरांड्यातून वळला आणि ग्रंथालयाच्या पायरीला जाऊन टेकला.

“किती फूट?”

“एकशे चौदा.”

“मोजले कुणी?”

“मीच. डोकं मोजायच्या टेपनं.”

“पुढं.”

मी कागदावर वाकून एकेक रेघ वाचत होतो. इथं माझा पगार आला. इथं माझी सायकल. इथं माझं नाक. तिथं रेघ जरा अडखळली. इथं माझ्या आईचा स्वभाव. तिथं आठही पेनं एकदम उसळली. आणि मग, वकीलसाहेब, मग हळूहळू एकेक पेन शांत व्हायला लागलं. पहिलं झालं, दुसरं झालं... आठवंही झालं. फणी! स्वच्छ, गोल, गुबगुबीत. विचार संपला होता. मी मान वर केली आणि त्या तिघांच्या देखत म्हणालो, “होकार आला!” त्यानंतर, त्यानंतर बरं का, गुरुजींनी डोळे उघडले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “दिली!”

“खोटं,” ही म्हणाली.

तिनं परात बाजूला सरकवली. पेठे तिच्याकडे असे वळले, जसा वकील नव्या साक्षीदाराकडे वळतो.

“आपण तिथं हजर होता, वहिनी?”

“नव्हते. पण त्या दुपारी बाबा घरी आल्यावर त्यांच्या डोक्यावरचा चिकटा गरम पाण्यानं मीच काढला. चडफडत होते नुसते. म्हणाले, ‘विमल, चार माणसांत फजिती झाली. विचार पुरा करा म्हणाले, आणि माझा तिथंच डोळा लागला. जागा झालो तर तो केळशीकर माझ्याकडे बघून हसत होता. लबाड आहे. उद्या नकार कळवून टाकतो.’ ”

मी कप खाली ठेवला. “काहीतरीच बोलू नकोस. मग शनिवारी कार्ड आलं ते? होकाराचं? त्यांच्या हस्ताक्षरात, त्यांच्या सहीचं?”

“म्हणजे ‘दिली’ म्हणाले नव्हते,” पेठे म्हणाले. “नोंद घ्या.”

“ते सोडा हो! विमल, कार्ड?”

“बाबांच्या शाळेतल्या वह्यांवरचे शेरे सात वर्षं कोण लिहीत होतं, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीनं?” तिनं पदराला हात पुसले. “त्यांचे डोळे दुखायचे ना संध्याकाळी. नकाराचं कार्ड त्यांनी मला टाकायला दिलं. ते चुलीत गेलं. दुसरं मी लिहिलं.”

पंचावन्न वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. पेठ्यांनीच पुढची उलटतपासणी घेतली.

“आणि गुरुजींना हे कळलं कधी?”

“यांचे वडील सुपारी फोडायला पाच माणसं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा. बाबा म्हणाले, ‘या, बसा.’ दुसरं काय म्हणणार?”

“पण नंतर तरी त्यांनी विचारलं असेल ना, होकाराचं कार्ड कुणी लिहिलं म्हणून?”

“मला नाही विचारलं कधी,” ही म्हणाली. “जाईपर्यंत त्यांना वाटत होतं, विचारांच्या नादात नकाराऐवजी होकार आपणच लिहिला.”